ओळखपत्रावरचा धर्म

लेबनॉनच्या यादवीला 13 एप्रिल 1975 रोजी बैरूतमध्ये तोंड फुटले, त्याला आता पन्नास वर्षे उलटून गेली. पंधरा वर्षांत सुमारे दीड लाख माणसे मेली. ख्रिश्चन आणि मुसलमान तिथे एकत्र नांदणे शक्यच नव्हते, युद्धाने ते फक्त उघडे पाडले, असे आजही शहाणीसुरती माणसे म्हणतात. हा समज खोटा आहे आणि घातकही. 6 डिसेंबर 1975 चा शनिवार आठवावा. बंदूकधाऱ्यांनी रस्ते अडवले, ओळखपत्रे मागितली, त्यांवर नोंदलेला धर्म वाचला आणि माणसे मारली. शेकडो बळी पडले. दोन्ही समाज इतके परके असते, तर मारेकऱ्यांना कागद कशाला वाचावा लागला असता? शहर आपसूक दुभंगले नाही, ते दुभंगवावे लागले. जानेवारी 1976 मध्ये शहरातल्या कारंतिना या गरीब, बहुतांशी मुसलमान वस्तीची कत्तल झाली; त्याच महिन्यात बैरूतच्या दक्षिणेला दामूरमध्ये ख्रिश्चनांची. मग भरवस्तीतून शहराचे दोन तुकडे करणारी ‘ग्रीन लाइन’ गेली. रहदारीच्या रस्त्यावर झाडझाडोरा माजला आणि पलीकडे नोकरी किंवा नातलग असलेल्यांना नेमबाजांच्या टप्प्यातून जावे लागले.

तक्रारी खऱ्या होत्या, हे मान्य करायलाच हवे. 1932 च्या जनगणनेवर बेतलेल्या व्यवस्थेत संसदेत सहा ख्रिश्चनांमागे पाच मुसलमान बसत, आणि नवी जनगणना कोणी होऊ देत नव्हते. पण युद्ध थांबवण्यासाठी झालेल्या 1989 च्या ताइफ करारात हे प्रमाण निम्मेनिम्मे झाले ते वाटाघाटींतून. त्यासाठी एकाही शेजाऱ्याचे घर जाळण्याची गरज नव्हती.

शहरे पुन्हा उभी राहतात, असाही दिलासा दिला जातो. बैरूतचा मध्यभाग उभा राहिला खरा. 1994 मध्ये स्थापन झालेल्या ‘सॉलिदेर’ कंपनीने तो बांधला. मालकांना आणि भाडेकरूंना जागेच्या बदल्यात शेअर मिळाले, युद्धातून वाचलेल्या कितीतरी इमारतींवर बुलडोझर फिरला. जुन्या बाजारात सगळ्या धर्मांचे, सगळ्या ऐपतींचे लोक खरेदीला येत. त्या जागी महागड्या दुकानांचे संकुल आले. दगडी कमानी नव्याने घडवता येतात, ते गिऱ्हाईक कुठून आणणार? आणि बेपत्ता झालेल्या सुमारे सतरा हजारांचे काय? 1991 च्या कायद्याने बहुतेक गुन्ह्यांना माफी मिळाली, टोळ्यांचे म्होरके मंत्री झाले. बेपत्तांच्या शोधासाठी आयोग नेमण्याचा कायदा मात्र 2018 मध्ये झाला. तोवर वाट पाहणाऱ्या कितीतरी आया मरून गेल्या होत्या.