‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्यांना

आजारपणावर बोलणे म्हणजे कमजोरी दाखवणे, असे एक खूळ आंबेडकरी चळवळीत घट्ट बसले आहे. कार्यकर्ता जेलमध्ये गेला तर आम्ही त्याचा फोटो फलकावर लावतो. मोर्चात डोके फुटले तर सत्कार करतो. पण त्याच कार्यकर्त्याला पन्नाशी-साठीत महाधमनीचा फुगा निघाला की तो गप्प बसतो आणि आम्हीही गप्प बसतो. फार तर घरी जातो, चहा पितो आणि निघताना म्हणतो, ‘टेन्शन घेऊ नका.’ आपल्या समाजातले हे सर्वात स्वस्त औषध आहे. देणाऱ्याचे काही जात नाही आणि घेणाऱ्याला गुण येत नाही.

मुद्दाम हाच आजार घेतला, कारण त्यात दुखणे जवळजवळ नसते आणि काळजी भरपूर असते. हृदयातून निघून छाती-पोटातून खाली जाणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटीमीटर असते. भिंत कमजोर होऊन ती ३ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त फुगली की डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. बहुतेकांना ते अपघातानेच कळते. मुतखडा किंवा प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली आणि भलतेच निघाले. माणूस सकाळी कामावर जाणारा असतो, संध्याकाळी त्याच्या हातात कागद येतो. दुसऱ्या दिवशीही तो कामावर जातो, फक्त आता प्रत्येक ढेकर आणि प्रत्येक पाठदुखी त्याला शेवटची वाटते.

आमच्या अभ्यास मंडळातील एका दादांचे असेच झाले. नालेसफाईचे कंत्राटी काम, वय अठ्ठावन्न, फुगा ४.३ सेंटीमीटर. एका रुग्णालयात त्यांना मिनिटभरात तीन गोष्टी सांगण्यात आल्या : पोटात टाइम बॉम्ब आहे, आत्ता ऑपरेशन करायचे नाही, जड उचलू नका. दादांनी त्याचा अर्थ लावला तो असा : आपण गरीब आहोत, वस्तीतले आहोत, म्हणून आपल्याला मरायला घरी पाठवले.

या संशयाला आम्ही हसणार नाही. त्याला इतिहास आहे. ज्यांच्या नाडीला हात लावायलाही वैद्य तयार नसत, त्यांच्या नातवंडांना ‘थांबा’ हा शब्द औषधासारखा ऐकू येत नाही. शाळेत थांबा, नोकरीत थांबा, पदोन्नतीत थांबा, आणि आता दवाखान्यातही थांबा! पण इथे नीट समजून घेतले पाहिजे. पोटातला फुगा पुरुषांमध्ये ५.५ सेंटीमीटरच्या आत असताना सहसा ऑपरेशन करत नाहीत, श्रीमंताचेही नाही. स्त्रियांमध्ये ही मर्यादा ५ च्या आसपास धरतात. छातीतल्या फुग्याचा आणि काही आनुवंशिक आजारांचा हिशेब वेगळा असतो. ब्रिटन आणि अमेरिकेत ४ ते ५.५ सेंटीमीटर फुगा असलेल्या रुग्णांवर मोठे अभ्यास झाले. लवकर ऑपरेशन केलेले आणि नियमित तपासणीवर ठेवलेले यांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. ऑपरेशनलाही धोका असतो, आणि लहान फुगा फुटण्याची शक्यता त्या मानाने कमी असते. म्हणून लहान फुग्याच्या बाबतीत थांबणे हाच उपचार आहे. टाइम बॉम्बची उपमा देणाऱ्याने हे सांगितले असते तर दादांच्या महिनाभराच्या झोपा उडाल्या नसत्या. बॉम्बला ठरलेली वेळ असते. या फुग्याला नसते, आणि बरेचसे लहान फुगे वर्षाला दोन-तीन मिलिमीटरच्या गतीने वाढतात.

मग उपचारातले ‘थांबा’ आणि टाळाटाळीतले ‘थांबा’ ओळखायचे कसे? उपचाराच्या ‘थांबा’ला तारीख असते. इंग्लंडच्या सरकारी तपासणीत ३ ते ४.४ सेंटीमीटरच्या फुग्याला वर्षातून एकदा आणि ४.५ ते ५.४ च्या फुग्याला दर तीन महिन्यांनी बोलावतात. आपल्या डॉक्टरला विचारा : नेमके माप किती, पुढची सोनोग्राफी कधी, कोणत्या मापाला सर्जनकडे जायचे, रक्तदाब कितीवर ठेवायचा? उत्तरे कागदावर लिहून घ्या. तारीख न देता कोणी ‘बघू’ म्हणाले तर ती टाळाटाळ आहे, आणि तिथे भांडायचा पूर्ण हक्क आहे.

अल्बर्ट आइन्स्टाइनच्या पोटात हाच फुगा होता. १९४८ साली शस्त्रक्रियेत तो दिसला तेव्हा आजच्यासारखी कृत्रिम नळी बसवण्याची सोय नव्हती. सर्जन रुडॉल्फ निस्सेन यांनी तो सेलोफेनच्या कागदाने गुंडाळला. त्यानंतर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५ मध्ये अण्वस्त्रांविरुद्धच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली आणि आठवडाभरात, १८ एप्रिलला, फुगा फुटून त्यांचे निधन झाले. म्हणजे हे दुखणे पोटात घेऊनही माणूस काम करू शकतो. पण आइन्स्टाइनला नाल्यात उतरायचे नव्हते, हेही लगेच सांगितले पाहिजे.

‘जड उचलू नका, ताण घेऊ नका’ हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. पण हा सल्ला ज्याच्या टेबलावर फायली असतात त्याच्यासाठी लिहिलेला आहे. ज्याच्या हातात फावडे आहे त्याने तो पाळला तर ठेकेदार उद्या दुसरा माणूस उभा करतो. त्या माणसाची निम्मी काळजी फुग्याची आणि निम्मी मुलीच्या फीची असते. ध्यान केल्याने पहिली थोडी हलकी होईल, दुसरी होणार नाही. जी काळजी व्यवस्थेने तयार केली ती रुग्णाच्या मनाचा दोष म्हणून दाखवणे हा शुद्ध ब्राह्मणी कावा आहे. पूर्वी त्याला कर्म म्हणत, आता निगेटिव्ह विचार म्हणतात.

बुद्धाने हा कावा केला नाही. संयुत्त निकायात नकुलपिता नावाचा म्हातारा उपासक येतो आणि आपण वृद्ध झालो, सतत आजारी असतो असे सांगतो. बुद्ध त्याला ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगत नाहीत. शरीर आजारीच आहे, हे आधी मान्य करतात. मग शरीर आजारी असले तरी चित्त आजारी होऊ नये याचा अभ्यास कर, म्हणतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या घरांत उलट चालते. मुले रिपोर्ट लपवतात, ‘बाबांना सांगू नका’ म्हणतात, आणि बाबा सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखून रात्रभर छताकडे बघत राहतात.

मान्य केल्यावर हातात काय उरते? बरेच उरते. सर्वात आधी बिडी-सिगारेट. हा फुगा होण्यात आणि वाढण्यात धूम्रपानाइतका हातभार दुसरी कोणतीही सवय लावत नाही, आणि आमच्या बैठका संपल्यावर टपरीवर काय चालते ते सर्वांना माहीत आहे. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची, बरे वाटले म्हणून सोडायची नाही. चालणे सोडायचे नाही. जुलाब लागले की मेडिकलवाल्याकडून गोळ्यांची पट्टी आणायची सवय मात्र सोडायची. त्या पट्टीत अनेकदा ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये या गटातील प्रतिजैविकांबद्दल इशारा दिला की ॲन्युरिझम असलेल्यांना दुसरा पर्याय असेल तर ती देऊ नयेत. म्हणून कोणत्याही दवाखान्यात पाय ठेवताच फुग्याचे सांगायचे. सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही आपल्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे, कारण हा आजार घराण्यात चालू शकतो.

आणि पोटात, पाठीत किंवा छातीत एकाएकी भयंकर कळ आली, घाम फुटला, चक्कर आली तर ओवा-सोडा बघत बसायचे नाही. १०८ ला फोन. फुटलेला फुगा मुतखडा समजला जाण्याच्या चुका होतात, म्हणून खिशात एक चिठ्ठी कायम हवी : ॲन्युरिझम आहे, माप अमुक, रक्तगट अमुक, घरचा फोन अमुक. रक्तवाहिन्यांचे ऑपरेशन जवळ कुठे होते ते आधीच शोधून ठेवले की रात्रीची भीती पुष्कळ कमी होते.

उरलेली काळजी रुग्णाची नाही, आपली आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्ध आणि आनंदांनी स्वतः आंघोळ घातली आणि संघाला सुनावले की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार. हे आपण वर्षावासात ऐकतो. आता मंडळाच्या पातळीवर त्याचा अर्थ लावू या. कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल १९४४ साली आला तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. १९४८ च्या ई. एस. आय. कायद्याला त्याचा आधार आहे. वेतनमर्यादेत बसणारा कंत्राटी कामगारही त्यात येतो, नियमांत बसल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. किती ठेकेदार हप्ता भरतात, हे आपल्या किती शाखांनी तपासले? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते ऑपरेशन बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायला रुग्णासोबत कोण जातो? धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखीव असतात. त्या मागायला शिकलेले पोर बरोबर लागते, कारण एकट्या माणसाला खिडकीवरूनच परत पाठवतात.

यंदाच्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करा आणि त्या पैशात वस्तीसाठी रक्तदाब मोजायची दोन यंत्रे आणि सोनोग्राफीला जाण्या-येण्याचा निधी ठेवा. ज्यांच्याकडे ई. एस. आय. कार्ड नाही त्यांनी ठेकेदाराचे नाव, कामाचे ठिकाण आणि असतील तेवढे पगाराचे कागद घेऊन रविवारी विहारात यावे. अर्ज आम्ही लिहून देऊ.

जय भीम!