एवढ्याशानं काय होतंय?

मैत्रिणींनो, चूक माझीच होती, म्हणून आधी तीच सांगते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी धाकट्या बहिणीकडं कामरेजला गेले. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरचं, तापीकाठचं हे सुरत जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मावशी येणार म्हणजे खाऊ आलाच. मी इथून डबाभर शेंगाच्या पोळ्या, म्हणजे आपल्या शेंगा होळिगे, नेल्या होत्या. भाचा तेव्हा दीड वर्षाचा. तुपात कुस्करून दोन घास भरवले. पाच-दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली आणि रडताना आवाज घोगरा येऊ लागला. तसेच रिक्षानं दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. शेंगदाण्याची ॲलर्जी. आमच्या घराण्यात हा शब्द पहिल्यांदाच आला.

पथ्य पाळणं त्या मानानं सोपं. माणसं सांभाळणं अवघड. बहिणीच्या सासूबाई गोकाकच्या. त्यांचं म्हणणं, "स्वल्प तिंद्र एन आगूदिल्ल." शेजारच्या बा सौराष्ट्रातल्या. कामरेज-वराछा भागात तिकडून आलेली कुटुंबं पुष्कळ, आणि सौराष्ट्र म्हणजे भुईमुगाचं आगर. बा म्हणायच्या, "थोडुंक तो चाले." आणि आमची आई फोनवरून, "एवढ्याशानं काय होतंय? आम्ही नाही का तुम्हाला वाढवलं?" तीन भाषांत एकच वाक्य! बहीण एकदा रडत म्हणाली, "अक्का, घरात एवढी माणसं आहेत, पण लक्ष ठेवायला मी एकटीच."

मग तिनं एक शहाणपणाची गोष्ट केली. पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच बरोबर नेलं. डॉक्टर हिंदीत बोलत होते, ती कन्नडमध्ये सांगत होती. ही उष्णता नाही, अपचन नाही. शरीर शेंगदाण्याला शत्रू समजतं आणि त्याला कणभरही पुरतो. थोडं थोडं देऊन घरी सवय लावायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. आवाज बसला, घरघर लागली, पोर एकदम मलूल झालं तर ॲलर्जीच्या गोळीवर थांबायचं नाही, ॲड्रिनॅलिन लागतं. तेव्हा तडक दवाखाना, नाहीतर 108. हा नंबर गुजरातेत चालतो, तसाच महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही. काय काय करायचं ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, तो कागद आता फ्रिजवर चिकटवलेला आहे. घरी आल्यावर सासूबाईंनी काही न बोलता शेंगा चटणीची बरणी बांच्या घरी नेऊन ठेवली.

याचा अर्थ पोराला दिसेल ते बंद करावं, असा मात्र नव्हे. बेंगळुरू-म्हैसूर भागात मोठ्या माणसांची एक पाहणी झाली होती, ती 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात रक्ताच्या तपासणीत 26.5 टक्के लोकांमध्ये कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध खूण सापडली, पण खरी ॲलर्जी असण्याचा संभव फक्त 1.2 टक्क्यांत होता. नुसता रिपोर्ट बघून दूध, गहू, अंडी सगळं तोडणाऱ्या आयांनी हे ध्यानात ठेवावं. आणि लंडनच्या 2015 च्या अभ्यासात तर, तान्हेपणीच शेंगदाणा सुरू केलेल्या बाळांत पुढं ही ॲलर्जी फार कमी आढळली. पण तो अभ्यासही डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेला. एकदा ॲलर्जी निघालेल्या मुलावर त्याचा प्रयोग घरी करायचा नसतो.

पहिल्या वर्षी बहिणीनं बोरनहाण केलंच नाही. पोराच्या डोक्यावर ओतायचं काय, इथूनच अडत होतं. तिळाचे लाडू, चिक्की, सगळ्यात दाणे. चुरमुरे तरी बिनधोक म्हणावेत, तर भट्टीवाला त्याच वाळूत शेंगा भाजतो. भाच्याला तीळ चालतात, डॉक्टरांनी बघून सांगितलंय. पण ज्यांच्या मुलांना तिळाची ॲलर्जी आहे त्यांनी पाकिटावर भरवसा ठेवू नये. आपल्याकडच्या 2020 च्या लेबलच्या नियमांत शेंगदाणा वेगळा लिहायलाच लागतो, पण त्या यादीत तीळ नाही. अमेरिकेनं तो 1 जानेवारी 2023 पासून घेतला.

गेल्या वर्षी सासूबाईच म्हणाल्या, करायचंच. बोरं आणली, उसाचे करवे केले, त्यात रंगीत कागदाची फुलं मिसळली. बाकीची पोरं जे लुटतील तेही याच्या हातात येणार, म्हणून सगळ्यांना तेच. गोकाकहून त्यांनी लाकडी फळं मागवली होती. ती केळी, ते सीताफळ इतकं खरं दिसतं की एका पाहुणीनं उचलून वास घेतला. ती फळं भोवती मांडली, डोक्यावर ओतली नाहीत. टेंगूळ आलं असतं!

आलेल्या बायकांनी काय आणावं हा प्रश्न वाणानं सोडवला. आपल्या हळदीकुंकवात वाण लुटतोच की आपण, आणि त्यात खायचं असतंच असं नाही. बहिणीनं निमंत्रणातच सांगून टाकलं, खाऊ नको, लुटता येईल असं वाण आणा. कुणी रंगीत खडू आणले, कुणी शिट्टी, कुणी मराठी-कन्नड अक्षरांचं चित्रांचं पुस्तक. आमच्या आईनं सावंतवाडीचा भोवरा पाठवला. उत्तरायण असल्यानं बांनी पतंग आणि साध्या सुती दोऱ्याची फिरकी दिली. गच्चीवर उंधियुं होतं. त्यात दाण्याचं कूट घातलेलं म्हणून बांनी भाच्यासाठी वेगळ्या पातेल्यात, सिंगतेल न घालता, रताळं नि पापडी शिजवून आणली होती. वर चमचाही वेगळा. बहिणीनं सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी ओळखीतल्या एका बाईनं तिला बाजूला घेऊन सांगितलं की तिच्या मुलीला दुधाची ॲलर्जी आहे, आणि वर्षभर ती कुणाला बोलली नव्हती. आता दोघी रोज फोनवर असतात. पाकिटं वाचून दाखवतात, शाळेत बाईंना काय सांगायचं ते ठरवतात. यातलं निम्मं बोलणं सासवांबद्दल असतं, ते इथं लिहीत नाही.

यंदा मी पुन्हा जाणार आहे. नवं पोळपाट घेतलंय, ज्यावर शेंगाची पोळी कधी लाटलेली नाही. हरभऱ्याची डाळ चालते ना, पुरणाच्या नेऊ का, म्हणून परवा बहिणीला फोन केला. ती क्षणभर गप्पच झाली.

"अक्का," म्हणाली, "चालते. पण तू विचारलंस."