चाकरी आणि सर्जन

नोकरी ही प्रतिभेची वैरीण, हा रूढ समज भारतीय साहित्याच्या इतिहासात टिकत नाही. गोपीनाथ मोहंतींना कोरापुटचे आदिवासी जीवन जवळून पाहता आले ते प्रशासकीय सेवेमुळे. ‘परजा’ (१९४५) ही ओडिया कादंबरी त्याची साक्ष होय. श्रीलाल शुक्लांची ‘राग दरबारी’ (१९६८) हीदेखील उत्तर प्रदेशातील सरकारी सेवेत असतानाचीच निर्मिती. तथापि एवढ्यावरून चाकरीचे गुणगान करणे योग्य नव्हे. अधिकाऱ्याचा दिवस आणि मुंबईत गिरणीकामगार व शाळेतील शिपाई म्हणून राबलेल्या नारायण सुर्व्यांचा दिवस एकच नसतो. म्हणून समीक्षेने लेखकाची नोकरी चरित्राच्या तळटीपेत ढकलू नये. तिने कोणता अनुभव दिला आणि किती अवकाश हिरावला, या दोहोंचा हिशेब कलाकृतीच्या विवेचनातच मांडावा.