आधी अभ्यासिका, मग मजले

विद्यापीठ म्हटले की डोळ्यांसमोर भव्य कमानी येतात. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे सांताक्रूझ पश्चिमेचे जुहू आवार त्या मानाने लहान. गृहविज्ञान, औषधनिर्माणशास्त्र, तंत्रज्ञान यांचे शिक्षण आणि मुलींचे वसतिगृह तेथे जवळजवळ आहेत. या विद्यापीठाचे मूळ तर त्याहूनही लहान. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर एक झोपडी बांधली आणि विधवांना निवारा व शिक्षण एकाच छपराखाली दिले. विद्यापीठ निघाले ते १९१६ साली आणि ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली ती १९२० साली.

हा क्रम आपण विसरत चाललो आहोत, असे मला वाटते. उपनगरातल्या एका खोलीत पाच माणसांत राहणाऱ्या मुलीला सभागृहाच्या संगमरवराचा काय उपयोग? तिला हवा दिवा, पंखा, शांत कोपरा आणि स्वच्छ प्रसाधनगृह. म्हणून कोणत्याही आवाराची थोरवी मजल्यांवरून मोजू नये. अभ्यासिकेचे दार रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, यावरून मोजावी. नव्या मजल्यासाठी निधी जमवणाऱ्यांनी आधी त्या दारावर एक सेवक नेमावा. मजला वर्षभर थांबू शकतो, परीक्षा थांबत नाही.