रस्ता रुंद झाला, पुढे काय?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली संपूर्ण खुला झाला, तेव्हा घाटातील वाहनांची कोंडी कायमची मिटली, अशी पुष्कळांची समजूत झाली होती. सुमारे ९४ किलोमीटर लांबीचा हा सहा पदरी मार्ग म्हणजे अभिमानास्पद कामगिरी होय, यात शंका नाही. तथापि सलग सुट्ट्या आल्या की त्याच घाटात मोटारींच्या रांगा लागतात आणि मार्ग आणखी रुंद करावा, ही मागणी पुढे येते. ती मान्य करण्यापूर्वी मागील अनुभवाचा हिशेब मांडणे आम्हास अगत्याचे वाटते.

रस्ता रुंद झाला की प्रवासाचा वेळ वाचतो. वेळ वाचला की कालपर्यंत आगगाडीने जाणारा मोटार काढतो. गर्दी टाळण्यासाठी पहाटे निघणारा सोयीच्या वेळी निघतो. आणि दोन्ही टोकांस नव्या वसाहती उभ्या राहतात. वाचलेला वेळ अशा रीतीने नवी वाहने गिळून टाकतात. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच हे निदान केले होते. अमेरिकन शहरांची आकडेवारी तपासून ड्युरांटन व टर्नर यांनी २०११ साली असा निष्कर्ष काढला की, महामार्ग ज्या प्रमाणात वाढतात, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढते.

पथकर हा या वाढीस आळा नव्हे काय, असे कोणी विचारील. आळा आहे, परंतु तो वेळ पाहून बसविला तरच. १ एप्रिल २०२३ रोजी या मार्गावरील मोटारीचा पथकर २७० रुपयांवरून ३२० रुपये झाला. मात्र गर्दीच्या सकाळी आणि निर्जन मध्यरात्री तो सारखाच ठेवण्यात आला. अशा कराने बांधणीचा खर्च वसूल होईल, गर्दी पांगणार नाही. उलट, वाहने वाढली की वसुली वाढते, म्हणून ती घटावीत अशी इच्छा वसूल करणाऱ्यास व्हावी तरी कशी? सिंगापूरने १९९८ पासून वेळेनुसार दर बदलणारा कर चालविला आहे. स्टॉकहोममध्ये २००६ सालच्या प्रयोगात करसीमा ओलांडणारी वाहने सुमारे एक पंचमांशाने घटली.

रस्ते बांधूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. मालवाहतुकीस आणि अपघातनिवारणास चांगला रस्ता हवाच. परंतु आधी दर वेळेनुसार ठरवावेत, त्यातील उत्पन्नाचा वाटा आगगाडी व एस.टी.कडे वळवावा, आणि मगच नव्या पदरांचा विचार करावा. मोटार नसलेल्या प्रवाशाचाही सार्वजनिक पैशावर तितकाच हक्क आहे, हे राज्यकर्त्यांनी विसरू नये.