कॅमेरा बंदुकीवर, पण चित्रण कुणाच्या ताब्यात?



अमेरिकेत काही ठिकाणी पोलिसांच्या पिस्तुलालाच छोटा कॅमेरा बसवतात. कमरेचं पिस्तूल बाहेर काढलं की तो आपोआप चालू होतो. गोळी कुणावर झाडली ते दिसेल, पोलिसांवर वचक बसेल, असं सांगतात. आपल्याकडंही असं पाहिजे, असं आपलीच काही शिकलेली पोरं म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे. पण आमचा या यंत्रावर भरवसा नाही.

का, ते बघा. पिस्तूल निघेपर्यंत हा कॅमेरा झोपलेला. आधी शिवी कुणी दिली, लाठी कुणी उगारली, त्याला ठाऊक नाही. जागा झाला तरी नळी जिकडं, तिकडंच बघणार. बंदूक धरणारा त्यात दिसतच नाही.

मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० ला पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडची मान गुडघ्याखाली दाबली. त्यात तो मेला. गोळी झाडलीच नव्हती. पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते, तरी पोलिसांनी आधी सांगितलं की त्याची तब्येत बिघडली होती. खरं जगाला दिसलं ते रस्त्यावरच्या १७ वर्षांच्या मुलीच्या मोबाईलमुळं.

आता आपल्या शेजारचं. छत्तीसगडात सारकेगुडाला जून २०१२ मध्ये रात्री जमलेल्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला. १७ माणसं गेली. सरकार म्हणालं, नक्षलवादी होते. ते नक्षलवादी असल्याचा पुरावा नाही, असं चौकशी आयोगाचा अहवाल म्हणाला, तेव्हा २०१९ साल उजाडलं होतं. तिथं कॅमेऱ्यानं नाही, साक्षीला उभ्या राहिलेल्या गावानं खरं बाहेर काढलं.

कॅमेरा लावायचा तर लावा. पण चित्रण ठाण्याच्याच कपाटात राहणार असेल, तर चोराच्या हाती किल्ली दिल्यासारखंच ते.

आपल्याला कायदा पाहिजे, आणि तो आहे. महाराष्ट्राच्याच खटल्यात २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय: पोलीस गोळीबारात माणूस मेला तर एफआयआर नोंदवा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडून करा, दंडाधिकाऱ्याची चौकशी करा, शवविच्छेदन दोन डॉक्टरांकडून करून त्याचं चित्रण ठेवा.

हे नियम प्रत्येक ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. आणि काही घडलं तर पांगू नका. कोण होतं, किती वाजले होते, काय बघितलं, ते त्याच दिवशी लिहून काढा, सह्या-अंगठे घ्या. शंभर डोळ्यांचं गाव, हाच आपला कॅमेरा. त्याचं बटण कुणा साहेबाच्या हातात नाही.

जिंदाबाद!