वंदनेला कौशल्याची जोड

थायलंडमध्ये शैक्षणिक वर्षाचा प्रारंभ मे महिन्यात होतो. त्यानंतर काही आठवड्यांतच, बहुधा एखाद्या गुरुवारी, देशभरातील शाळा-महाविद्यालयांत 'वाय ख्रू' म्हणजे गुरुवंदनेचा समारंभ पार पडतो. गुरुवार निवडण्याचे कारण मराठी वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बृहस्पती हा देवांचा गुरू, आणि थाई भाषेतही त्या वाराला त्याचेच नाव आहे. विद्यार्थी तबकात जे घेऊन येतात तेही आपल्या परिचयाचेच आहे. तुडवली तरी पुन्हा फुटणारी हरळी, म्हणजे आपली दूर्वा, ही चिकाटीची खूण. मान खाली घालून फुलणारे वांग्याचे फूल हे नम्रतेचे, सुईसारख्या कळ्यांची एक्झोरा तीक्ष्ण बुद्धीची आणि भाताच्या लाह्या शिस्तीच्या निदर्शक.

कलाशिक्षणाच्या संस्थांत ही वंदना अधिक सखोल होते. तेथे गुरूच्या बरोबरीने गणेश आणि विश्वकर्मा यांना नमन केले जाते. नृत्यविद्यालयात भरतमुनीचा मुखवटा शिष्याच्या मस्तकावर ठेवून त्याला परंपरेत सामावून घेतात. १९११ साली स्थापन झालेल्या थाई ललितकला विभागाच्या बोधचिन्हावर गणेश आहे. देशातील अग्रगण्य कलाविद्यापीठ असलेल्या सिल्पाकर्नच्या बोधचिन्हावरही गणेशच आहे, आणि त्या विद्यापीठाच्या नावातला 'शिल्प' हा शब्द संस्कृतातून गेलेला आहे. बँकॉकच्या लांबलचक पूर्ण नावाच्या अखेरीस तर ही नगरी इंद्राच्या आज्ञेने विश्वकर्म्याने उभारल्याचा उल्लेख येतो.

हे सर्व वाचून 'पाहा, आपली संस्कृती कोठवर पोहोचली' असे म्हणत समाधान मानण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि तेवढ्यावर थांबणे म्हणजे या विषयाचे मर्म सोडून देणे होय. थायलंडची नव्वद टक्क्यांहून अधिक जनता बौद्ध आहे. गणेश आणि विश्वकर्मा तेथे पाहुणे म्हणून राहिलेले नाहीत. थाई समाजाने त्यांना आपल्या धर्मजीवनात स्वतःच्या पद्धतीने बसवून घेतले आहे. म्हणूनच दैवते कोठून गेली, या प्रश्नाचे महत्त्व मर्यादित ठरते. शंभर वर्षांच्या आधुनिक शिक्षणानंतरही त्यांच्यासमोर मस्तक नमविणारा विद्यार्थी हातात छिन्नी धरण्यास समर्थ कसा राहिला, हा खरा विचारणीय प्रश्न आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी सयाममध्येही राजवाडे पाश्चात्त्य धर्तीचे होऊ लागले होते आणि युरोपीय चित्रकार-शिल्पकारांना दरबारी मागणी होती. देशी कारागिरांची विद्या घराण्यांत आणि राजाश्रयाच्या 'चांग सिप मू' या दहा कलाशाखांत विभागलेली होती. आरेखन, कोरीवकाम, नक्षीकाम, मातीच्या मूर्ती, चुन्याचे काम, रोगणकाम, बाहुल्या व आकृती, पत्र्याचे ठोककाम, कातीव काम आणि ओतकाम अशा त्या दहा शाखा. १९१३ साली राजा वज्रावुध याने 'फो चांग' ही शाळा सुरू केली. या नावाचा अर्थच मोठा बोलका आहे. 'फो' म्हणजे रोप रुजविणे आणि 'चांग' म्हणजे कारागीर. कारागिरांची ही रोपवाटिका आज एका तंत्रज्ञान विद्यापीठाचा भाग असून तेथे देशी हस्तकलांचे शिक्षण अद्यापि चालते.

दुसरी घटना त्याहून उद्बोधक आहे. १९२३ साली फ्लॉरेन्सचा शिल्पकार कोराडो फेरोची सरकारी नोकरीसाठी बँकॉकला आला. त्याने विद्यार्थ्यांना शरीररचना, प्रमाणबद्धता आणि ब्राँझचे ओतकाम शिकविले. त्याच्या शाळेचेच १९४३ साली सिल्पाकर्न विद्यापीठ झाले. पुढे थाई नागरिकत्व घेऊन तो सिल्प भीरश्री या नावाने ओळखला जाऊ लागला. या परकीय गुरूने आपल्या शिष्यांना पाश्चात्त्य कलेचे अंधानुकरण शिकविले नाही. मंदिरांच्या भिंतींवरील जुनी चित्रे आणि सुखोथाई काळातील चालत्या बुद्धाच्या मूर्ती यांचा त्याने स्वतः अभ्यास केला आणि शिष्यांकडूनही करवून घेतला. फुत्थमोन्थोन येथील भव्य चालत्या बुद्धाचे मूळ शिल्प त्याचेच. ती महामूर्ती मात्र त्याच्या निधनानंतर पुरी झाली. १५ सप्टेंबर या त्याच्या जन्मदिनी विद्यार्थी आजही त्याच्या पुतळ्याला अभिवादन करतात आणि एक इटालियन गीत गातात. ज्या समाजाला आपल्या परंपरेविषयी विश्वास असतो, तो बाहेरून आलेल्या गुरूलाही गुरूचेच स्थान देतो, हे यावरून ध्यानात यावे.

प्रत्यक्ष शिक्षणाची रीत पाहिली म्हणजे भक्ती आणि कौशल्य यांचा सांधा स्पष्ट होतो. पारंपरिक थाई चित्रकलेची विभागणी कनक, नारी, कपी आणि गज अशा चार वर्गांत केली जाते. ज्वालेसारख्या वळणाची वेलबुट्टी पहिल्या वर्गात, देव व मानव दुसऱ्यात, वानर व राक्षस तिसऱ्यात, तर हत्ती आणि अन्य प्राणी चौथ्यात येतात. नवागत विद्यार्थी एकच वळण शेकडो वेळा गिरवितो. खोन नाट्याचा मुखवटा साच्यावर कागदाचे थर चढवून घडतो. त्यावर रोगण, सोन्याचा वर्ख आणि काचेचे तुकडे बसवितात. देवादिकांच्या मुखवट्यांच्या बाबतीत नेत्रोन्मीलनाचा विधीही होतो. ज्या वस्तूला उद्या नमस्कार करावयाचा आहे, तिच्यात हलगर्जीपणा करण्यास हात धजावत नाही. श्रद्धेने कारागिराला दिलेली ही कसोटी कोणत्याही परीक्षा मंडळापेक्षा कठोर आहे.

परंतु श्रद्धा पुरेशी नाही. हाताला काम लागते. राजा भूमिबोल याच्या अंत्यसंस्कारासाठी २०१७ साली बँकॉकच्या सनाम लुआंग मैदानावर मेरू पर्वताच्या कल्पनेवर आधारित नऊ शिखरांची वास्तू उभी राहिली. तिच्यासाठी देवदेवतांच्या आणि पौराणिक प्राण्यांच्या असंख्य मूर्ती ललितकला विभागाच्या कारागिरांनी घडविल्या. ही संधी पिढीत एखाददुसरीच येते. परंतु ती आली तेव्हा कारागीर तयार होते. राणी सिरिकित यांनी १९७६ साली हस्तकलांसाठी प्रतिष्ठान स्थापन करून ग्रामीण कुटुंबांतील मुलांना शिक्षण आणि उत्पन्न मिळवून दिले. २००७ पासून त्यांच्या प्रेरणेने खोनचे भव्य प्रयोग सुरू झाले, तेव्हा जरीची वस्त्रे, अलंकार आणि मुखवटे घडविण्यासाठी नवी पिढी शिकविली गेली. २०१८ साली युनेस्कोने खोनला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. राणीचे २०२५ च्या ऑक्टोबरात निधन झाले. राजाश्रयावर विसंबलेल्या या व्यवस्थेला सामान्य ग्राहकाचा आधार कितपत मिळतो, यावर तिचे पुढील आयुष्य अवलंबून आहे.

या चित्राला काळी बाजूही आहे. बँकॉक परिसरातील काही तंत्रविद्यालयांच्या विद्यार्थ्यांत संस्थेच्या बोधचिन्हावरून दशकानुदशके रक्तरंजित हाणामाऱ्या होत आल्या असून त्यांत तरुणांचे बळी गेले आहेत. तंत्रविद्यालयांच्या आवारात विश्वकर्म्याची मूर्ती आढळते, हे येथे विसरता येत नाही. २०१९ साली काही शाळकरी मुलांनी गुरुवंदनेच्या तबकांवरच राजकीय व्यंग रचले, तर २०२० च्या विद्यार्थी आंदोलनाने शाळेतील सक्तीच्या लीनतेला आव्हान दिले. या मुलांना उद्धट ठरवून प्रश्न मिटत नाही. विद्येशी नाते तुटलेली वंदना एक तर कवायत बनते, नाही तर टोळीचा झेंडा. गुरूपाशी देण्यासारखे काही असेल आणि शिष्याला ते हवे असेल, तरच मस्तक आपोआप लवते.

थायलंडच्या उदाहरणातून घेण्यासारखे आहे ते हेच. बोधचिन्हावर गणेश छापणे सोपे आहे. कारागिराच्या मुलाला शाळेत आणणे, त्याच्या बापजाद्यांच्या विद्येला पदवीची प्रतिष्ठा देणे, परकीय तंत्र निर्भयपणे आत्मसात करणे आणि शिकलेल्या हाताला आयुष्यभर पुरेल एवढे काम उपलब्ध करून देणे ही अवघड कामे आहेत. ज्या महाराष्ट्रात दरवर्षी घरोघरी दूर्वा वाहिल्या जातात, तेथे मूर्ती घडविणाऱ्या हातांची पुढची पिढी कोठे आणि कोणाकडे शिकणार आहे, याचा विचार करणे हीदेखील त्या विद्यादात्याची पूजाच ठरेल.